भात कापलं की सहा महिने शिवार ओस : तळं, दुसरं पीक आणि बांधाची भांडणं, सुरुवात कुठून करावी?

शिवार_पश्चिम (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका (कर्नाटक), जांबोटी रस्त्याच्या अंगाचं शिवार. अकरा घरांची मिळून अठ्ठावीस एकर जमीन एकाच ओढ्याच्या उतारावर आहे. वर आठ-नऊ एकर लाल माळ, मध्ये भाताची खाचरं, तळाला ओढा. पावसाची ददात नाही, पण डिसेंबर ते मे रान रिकामं. मग तरणी माणसं गोव्याला नाहीतर पुण्याला. अलीकडे पावसाचा नेम राहिला नाही : जूनमध्ये उघडीप पडते, आणि ऐन कापणीत ऑक्टोबरचा पाऊस झोडपतो.

गटाने शेततळं, काजू आणि भातानंतर एखादं पीक असा बेत केलाय. अडचणी अशा : तळं कुठे आणि केवढं? प्लास्टिक घालावं का? दुसरं पीक कोणतं? निम्म्या उताऱ्यांवर अजून आजोबांचं नाव आहे, बाहेर गेलेले भाऊ सही द्यायला कचरतात. आणि तळं झालं की आमचं पाणी अडणार, म्हणून खालच्या खाचरवाल्यांनी आत्ताच कुरकुर सुरू केली आहे. जाणकारांनी नेमकं सांगावं.

---

पाणलोट_काका

आधी प्लास्टिकचं सांगतो, कारण तिथेच पैसा बुडतो.

जांभ्या आणि लाल मातीच्या या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये भूजल इतकं वर येतं, की तळ्याखालून पाणी कागदाला, म्हणजे प्लास्टिकच्या अस्तराला, वर ढकलतं. तळं अर्धंमुर्धं रिकामं असेल तर कागद फुग्यासारखा वर येतो, जोडावर ताण पडतो आणि वेल्डिंग उसवतं. दोष कागदाचा नसतो, जागेचा असतो. म्हणून मे महिन्यात ठरवलेल्या जागी मीटरभर रुंद आणि चार मीटर खोल चाचणी खड्डा घ्या. भोवती काटेरी कुंपण करा, नाहीतर जनावर पडेल. ऑगस्टच्या मध्याला आतलं पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते मोजा. दीड-दोन मीटरवरच पाणी असेल तर तिथे कागद नको. ती झिरपतळ्याची जागा, तिचा फायदा खालच्या विहिरीला. पाणी तीन मीटरच्या खाली असेल तरच कागदाचा विचार करा.

मधल्या परिस्थितीत कागद घालायचाच असेल, तर तळाशी चर काढून ११० मिमीची भोकं पाडलेली पीव्हीसी नळी टाका. भोवती खडी आणि वर नारळाच्या सोडणाचा थर. नळीचं तोंड उताराकडे उघडं ठेवा. आपल्याकडे उतार आहे, त्यामुळे हे पाणी आपसूक बाहेर पडतं. आणि पावसाळ्यात असं तळं अर्ध्याखाली कधीही उपसू नका.

आता माप. २१ × २१ × ३ मीटर, बाजूंचा उतार १:१ धरला तर तळ १५ × १५ येतो आणि पोटात साधारण ९८० घनमीटर, म्हणजे ९ लाख ८० हजार लिटर पाणी मावतं. १५ × १५ × ३ च्या तळ्यात ४४० घनमीटर. एका एकराला ५ सेंटिमीटरचं एक पाणी द्यायला २०० घनमीटर लागतं, म्हणजे मोठ्या तळ्यातून हिशोबाने जवळजवळ पाच एकर. पण हा हिशोब फसवा आहे. ४४१ चौरस मीटरच्या उघड्या पृष्ठभागावरून दिवसाला ५ मिलिमीटर उडालं तरी रोज २,२०० लिटर जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तेवढ्यातच २६० घनमीटर संपतात. तेव्हा चार एकरांवर नजर ठेवू नका, तीनच धरा. आणि पाणी मार्चसाठी साठवून ठेवू नका, डिसेंबर-जानेवारीतच वापरा. साठवलेलं पाणी ऊनच पितं.

कागद किती लागतो : तळ १५ मीटर, दोन्ही बाजूंची तिरपी लांबी ४.२४ + ४.२४, काठावर गाडायला मीटर-मीटर. म्हणजे साडेपंचवीस मीटरचा चौरस, सुमारे ६५० चौरस मीटर. विकणारा '२१ बाय २१ चा' म्हणून ४४१ मीटरचा भाव सांगतो आणि मग जोड काढत बसतो. आयएस १५३५१ चा शिक्का असलेला, ५०० मायक्रॉनचा घ्या. घालण्याआधी बाजूंचे दगड-मुळं खरडून वर मऊ मातीचा हात फिरवा. कागद सकाळी पसरावा. दुपारी तो उन्हाने ताणलेला असतो, रात्री आकसतो आणि कोपऱ्यात फाटतो.

आता तुमच्या खालच्या खाचरवाल्यांची कुरकुर. ती रास्त आहे, पण उलट्या बाजूने. पाणी अडल्याने त्यांचं नुकसान होणार नाही, पाणी भलतीकडून सुटल्याने होईल. वर पाच एकरांचा पाणलोट आणि ताशी ७५ मिलिमीटरची सर धरली, तर सेकंदाला १६५ लिटरच्या आसपास पाणी तळ्यावर येतं. त्याला १.२ मीटर रुंद, ४५ सेंटिमीटर खोल, दगडी पिचिंगचा (दगड बसवलेला) सांडवा पाहिजे. पाणी सांडव्यावरून हातभर नव्हे, वीतभर उंचीनेच जाईल, बाकीची खोली सुरक्षेसाठी. सांडवा घातला नाही तर पाणी भरावाचा कमकुवत कोपरा शोधतं, आणि सकाळी तुमची माती शेजाऱ्याच्या रोपावर. आत येणाऱ्या चरीवर २ × १.५ × १ मीटरचा गाळखड्डा करा. तो सप्टेंबरअखेर उपसायचा असतो हेच लोक विसरतात.

माळावर सलग समतल चर काढू नका. ते कमी पावसाच्या भागातलं काम. इथे चर भरून सखल जागी फुटतो आणि तिथून घळ पडते. चर तुटक काढा, ३ मीटर लांब, ६० सेंमी रुंद, ६० सेंमी खोल, एकाआड एक. बांध मात्र शंभर मीटरला २० ते ४० सेंमी उतरता ठेवा, म्हणजे पाणी थांबत थांबत बाजूच्या गवती ओघळीत जाईल.

उतार काढायला मशीन लागत नाही. १५ मीटरची पारदर्शक नळी, दोन सारख्या काठ्या, त्यांवर सेंमीच्या खुणा. नळीत बुडबुडा राहिला की माप खोटं येतं आणि ते कळतही नाही. म्हणून दर वेळी आधी दोन्ही काठ्या शेजारी-शेजारी उभ्या करून पाणी एका खुणेला येतं का बघा, मगच पुढे जा.

---

कागदपत्र_सांभाळा

काकांनी पाण्याचं सांगितलं. पण आजोबांच्या नावावर असलेल्या जमिनीत कुदळ मारू नका. अनुदान अडकतं हे एक. दुसरं म्हणजे उद्या तळं कुणाचं यावरून भाऊ भावाच्या दारात जाणार नाही.

क्रम असा ठेवा.

पहिलं पाऊल पौती, म्हणजे वारसा नोंद. मृत्यूचा दाखला, वंशावळ, सर्व वारसांचे आधार आणि अर्ज नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत). वंशावळीत बहिणी गाळू नका. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहहिस्सेदार आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असायलाच हवे होते असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. बहिणीला वगळून केलेलं वाटणीपत्र दहा वर्षांनी कोर्टात उघडं पडतं, तेव्हा तुमचे काजू बहरात असतात.

दुसरं, वाटणी. सर्व्हे नंबरचा तुकडा वेगळा नोंदवायचा असेल तर आधी ११ई नकाशा (त्या तुकड्याचा मोजणी नकाशा) लागतो. मोजिणीत, म्हणजे भूमापन खात्याच्या यंत्रणेत, अर्ज करायचा, परवानाधारक भूमापक येऊन मोजतो, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. नोटीस आली की शेजाऱ्याने समोर उभं राहावं. 'आम्हाला माहीतच नव्हतं' हे नंतर चालत नाही. मग नोंदणीकृत वाटणीपत्र, मग फेरफार, मग पोडी (सर्व्हे नंबरची फोड) होऊन नवा हिस्सा. उताऱ्यावर तुमचं नाव एकट्याचं आलं की फ्रूट्सचा, म्हणजे राज्याच्या शेतकरी नोंदणीचा, एफआयडी (ओळख क्रमांक) त्या हिश्शाशी जोडून घ्या. त्याशिवाय कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात कोणताही अर्ज पुढे सरकत नाही. कृषी भाग्य या राज्य योजनेतून तळं, कागद, पंप, ठिबक असे घटक मिळतात. बहुतेक घटकांना सर्वसाधारण गटात ८० टक्के आणि एससी-एसटीला ९० टक्के अनुदान असतं. मात्र तालुक्याची निवड वर्षागणिक होते, तेव्हा आधी केंद्रात विचारा आणि नंतरच जेसीबी बोलवा. आधी खणलेल्या तळ्याचं अनुदान मागे येत नाही.

बाहेरच्या भावांच्या भीतीबद्दल. पुण्यातल्या भावाला वाटतं, गावातल्याने जमीन कसली की तो कूळ होतो. तसं नाही. कर्नाटक भूसुधारणा कायद्यात मालकाच्या कुटुंबातला कसणारा कूळ ठरत नाही, आणि कुळांसाठीच्या फॉर्म ७ ची मुदत केव्हाच संपली. उलट कुटुंबाबाहेरच्याला शेत खंडाने द्यायला १९७४ च्या दुरुस्तीपासून मनाई आहे, मोजके अपवाद सोडून. म्हणजे गावात चालणारा तोंडी खंड कागदावर अस्तित्वातच नसतो, कसणाऱ्याला ना कर्ज ना विमा. तुमच्या गटात बाहेरच्याचं शेत कुणी 'खंडाने' करत असेल तर तिथे तळं किंवा काजू लावू नका. कायम खर्च मालकानेच स्वतःच्या नावे करावा.

भावाभावांत मात्र ई-स्टॅम्पवर साधं समजूतपत्र चालतं. त्यात चार गोष्टी हव्यात : कायम कामाचा खर्च कोण किती करणार, वार्षिक उत्पन्नातून आधी खर्च वजा करून उरलेलं कसं वाटायचं, बाहेरच्याने परत यायचं ठरवलं तर किती महिने आधी सांगायचं, आणि झाडं-तळ्याची किंमत कशी धरायची. चौथी गोष्ट सगळे टाळतात. भांडण तिथूनच होतं.

बांध कोरण्याची सवय मोडायची असेल तर मोजणीनंतर दगड रोवून लगेच बांधावर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) काड्या लावा. मीटरावर एक. झाड हललं की दिसतं, दगड हलला की दिसत नाही.

---

मसूर_आणि_मोकाट_गुरं

दोघांचंही पटतं, पण खरा अडसर अजून कुणी काढला नाही. भात कापलं की गुरं मोकळी सोडायची हा आपल्याकडचा रिवाज. अकरापैकी एकट्याने मसूर पेरली तर ती गावाची गुरं खातात, आणि तिथून जी वादावादी होते ती सरळ जमिनीच्या हद्दीपर्यंत जाते. दुसरं पीक हे घराचं काम नाही, शिवाराचं आहे. कोणत्या तारखेपासून गुरं बांधायची, पहिल्यांदा सुटली तर काय आणि दुसऱ्यांदा सुटली तर कोंडवाडा, हे ऑगस्टमध्येच ग्रामसभेत ठरवून लिहून घ्या. ज्यांच्याकडे गुरं जास्त आणि शेत कमी त्यांना चारा कुठून मिळणार, याचं उत्तर त्याच बैठकीत द्या. नाहीतर ठराव कागदावरच राहील. तळ्याच्या भरावावर आणि ओघळीकाठी नेपियर गवत लावा. धारवाडच्या चारा संशोधन केंद्राचं डीएचएन-६ चालतं. दोन डोळ्यांची कांडी, ६० सेंमीवर. पहिली कापणी अडीच महिन्यांनी, पुढे दीड-दीड महिन्याला, पाणी असेल तोवर.

पीक म्हणून मसूर. बेळगावच्या शिवारात भातामागे मसूर पूर्वापार आहे, नवं काही नाही. नेमकी वेळ ओळखणं हाच सगळा खेळ. भात कापणीच्या आठ-दहा दिवस आधी खाचरातलं पाणी काढून टाका. शेतात टाच रोवली की ठसा उमटावा, पण ठशात पाणी जमू नये. त्या दिवशी उभ्या भातात बी फेका. एकरी १८ ते २० किलो, कारण फेकून पेरताना काही बी वाया जातं. पाभरीने पेरलं तर १२ ते १५ पुरे. बियाण्याला किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा, सुकलं की रायझोबियम. ठशात पाणी असेल तर बी कुजतं. कोरडं ठणठणीत असेल तर उगवतं ते पाखरांसाठी. भात कापताना खुंट वीतभर ठेवा. तळ्याचं एकच पाणी द्यायचं, फुलोऱ्यात, ४० ते ४५ दिवसांनी, तेही पातळ. जास्त पाण्याने मसूर फक्त माजते.

मात्र ही घडी तुमचं भात कोणतं यावर अवलंबून आहे. इंटाणसारखं गरवं (उशिरा पिकणारं) भात नोव्हेंबरअखेरपर्यंत रान अडवतं, तोवर वाफसा (पेरणीजोगी ओल) निघून जातो. वरच्या खाचरांत निमगरवं घ्या, गरवं ओढ्याकाठच्या पाणथळ खाचरांतच ठेवा. कापणीच्या पावसाचा धोकाही असा दोन हप्त्यांत विभागतो.

लाल माळाला रताळी म्हणाल तर जूनअखेर-जुलैत वरंब्यावर ६० × २० सेंमी, एकरी ३३ हजारांच्या आसपास वेलांचे तुकडे. सोंड्या भुंगा भेगांतून कंदात शिरतो, म्हणून सहाव्या आठवड्यात पुन्हा माती लावून भेगा बुजवा. काढणी लांबवू नका, आणि त्याच जागी दरवर्षी रताळी नकोत. जंगलाच्या कडेला मात्र लावूच नका. रानडुकरं एका रात्रीत नांगरट करून देतात. तिथे काजूच बरा.

काजू ७ × ७ मीटरवर, एकरी ८०-८२ कलमं. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ किंवा उल्लाळच्या जाती. जांभ्यात खड्डा मीटरभराचा घ्या. ६० सेंमीचा खड्डा म्हणजे कुंडीच, मुळं गोल फिरतात. जोडाखालून फुटणारे धुमारे दर महिन्याला खुडा, पहिली दोन वर्षं मोहोरही खुडा. नोव्हेंबर ते जानेवारी नवी पालवी-मोहोर असतो तेव्हा ढेकण्या (रस शोषणारा किडा) येतो. कोवळ्या शेंड्यावर तपकिरी डाग पडून शेंडा जळल्यासारखा दिसला की समजावं. खोडाच्या बुंध्याशी डिंक आणि भुस्सा दिसला की खोडकिडा. साल कोरून अळी काढणं हाच मुख्य उपाय, नुसत्या फवारणीने तो मरत नाही. डिसेंबरात बागेभोवती तीन मीटरचा पट्टा गवत काढून जाळरेषा करा.

पैशाची वेळ बघा : मसूर फेब्रुवारी-मार्चला, काजू बी मार्च ते मे. नेमके तेच महिने, ज्यांत माणूस गोव्याला असतो. ओली बी त्याच दिवशी विकायची घाई करू नका. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. हातात खुळखुळली की गोणीत भरा. खानापूर आणि चंदगडकडच्या कारखान्यांना एकेका घराने दोन गोण्या नेण्यापेक्षा अकरा घरांनी एकत्र वजन केलं तर बोलणी तरी होतात.

---

अथणी_काळी_माती

पश्चिमेचं झालं, पण ही माहिती वाचून आमच्या बाजूचे लोक तसंच करतील म्हणून दोन ओळी. अथणीकडे, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या कोरड्या भागात, पाऊस वर्षाला सहाशे मिमीच्या आत-बाहेर. काळ्या मातीत तळ्याच्या बाजू १:१ ठेवल्या तर पहिल्याच पावसात ढासळतात, १:१.५ तरी हव्याच. म्हणजे त्याच २१ मीटरच्या तोंडात तळ १२ मीटरचाच राहतो आणि पोट ८४० घनमीटरवर येतं. कागद फुगण्याची भीती नाही, उलट भेगांमधून खालची माती सरकून कागद लोंबतो. भेगा पडायच्या आधी, जमिनीत थोडी ओल असताना कागद घाला.

आणि तळ्याच्या भरवशावर ऊस लावायचा विचारही नको. कृष्णाकाठी २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हद्दीचे दगड गाळाखाली गेले. तिथे आधी मोजणी, मग लागवड. बांध अंदाजाने घातला की वर्षभरात पोलीस ठाणं.

---

शिवार_पश्चिम

सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. तळं एका घराच्या हिश्शात पडतंय, पाणी पाच घरांना द्यायचंय. वाटप कसं? आणि वरचा माळ संपतो तिथे काही जागा वनखात्याची म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट आहे. तिथे काजू लावावा का?

---

पाणलोट_काका

वाटप तासावर करू नका, पाण्यावर करा. डिझेल कमी-जास्त झालं की तास खोटे पडतात. पंपाच्या तोंडाशी २०० लिटरचं बॅरल ठेवून भरायला किती सेकंद लागतात बघा. २५ सेकंद लागले तर सेकंदाला ८ लिटर, तासाला २८,८०० लिटर. अर्ध्या एकराला ५ सेंमी म्हणजे सुमारे १ लाख लिटर, साडेतीन तास. हे मोजमाप हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि मध्ये एकदा, पाचही घरांसमोर.

तळ्याच्या भिंतीवर दर फुटाला रंगाची खूण मारा. पण खूण म्हणजे समान वाटा नव्हे. बाजू तिरप्या असल्याने वरच्या फुटात तळाच्या फुटाच्या जवळजवळ दुप्पट पाणी असतं. तळातला शेवटचा फूट कुणाच्याच वाट्याला नको, तो गाळ आणि कागदासाठी. ज्याची जमीन गेली त्याला एक पाळी जास्त द्या किंवा भरावावरचा नेपियर द्या. तळ्याच्या काठापासून शेजारच्या बांधापर्यंत किमान तीन मीटर सोडा.

---

कागदपत्र_सांभाळा

समजूतपत्रात लिहा : जमीन मूळ मालकाचीच राहील, पाण्याचा वाटा इतक्या वर्षांसाठी, दुरुस्तीचा खर्च पाण्याच्या प्रमाणात, आणि जमीन विकली तरी पाच घरांचा वाटा पुढच्या मालकावर बंधनकारक. हे शेवटचं कलम टिकवायचं असेल तर साधा स्टॅम्प पुरत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा.

वनजमिनीवर परस्पर काजू लावू नका. झाडं उपटली जातात आणि गुन्हा नोंद होतो तो वेगळा. २००६ च्या वनहक्क कायद्यात वैयक्तिक दाव्याला फॉर्म ए, सामूहिकला बी, सामूहिक वनसंपत्तीला सी. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जातो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा लागतो, आणि अनुसूचित जमातीबाहेरच्यांना त्याआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. दोन तरी पुरावे हवेत. जुनी पावती असली तर उत्तम. वयस्कांचे जबाब, जुनी विहीर, थडगी, देवस्थानाची जागा हेही चालतं. मर्यादा ४ हेक्टरची, पण प्रत्यक्ष ताब्यात जेवढं तेवढंच. गटाला पाण्याचं काम वनजमिनीत करायचं असेल तर त्याच कायद्याचं कलम ३(२) बघा. गावाच्या लहान जलसंधारण कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडणार नसतील तर ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते.

नेमकी हद्द आधी मोजून घ्या. पुष्कळदा 'वनखात्याची' म्हणून सोडलेली चार-पाच गुंठे उताऱ्यात आपलीच निघतात. उलटंही होतं.